गारठलेला गाणारा पक्षी सापडला तर: आधी ऊब, मग बाकी सगळं

डिसेंबर-जानेवारीतल्या सकाळी गच्चीवर, सोसायटीच्या बागेत, शेताच्या बांधावर एखादा चिमुकला पक्षी पिसं फुलवून, डोळे अर्धवट मिटून बसलेला दिसतो. जवळ गेलं तरी उडत नाही. पाहणाऱ्याचा जीव तुटतो, तो घाईघाईने वाटीत पाणी आणतो आणि चोच उघडून दोन थेंब आत सोडतो. बहुतेक वेळा घात तिथेच होतो. गारठलेल्या पक्ष्याला पहिली गरज पाण्याची नसते, दाण्याचीही नसते. ती उबेची असते. ऊब, अंधार, शांतता, मग जाणकारांकडे रवानगी, आणि अन्न सर्वांत शेवटी. हा क्रम पाळला तर साध्या खोक्यात आणि कोमट पाण्याच्या बाटलीवर अनेक पक्षी वाचतात.

इथे सांगितलेलं मुख्यतः छोट्या, कीटक खाणाऱ्या हिवाळी पाहुण्यांबद्दल आहे: माशीमार, वटवट्ये, कस्तूर. यांतले कित्येक मध्य आशिया, रशिया किंवा हिमालयातून येतात आणि महाराष्ट्रात थांबतात किंवा इथून पुढे दक्षिणेला जातात. दयाळ, शिंजीर, मुनिया यांच्यासारख्या स्थानिक पक्ष्यांनाही हेच लागू पडतं. अन्नाचा फरक पुढे सांगितला आहे.

एवढासा पक्षी रात्र कशी काढतो

लाल छातीच्या माशीमाराचं वजन असतं जेमतेम १० ग्रॅम, म्हणजे दोन चहाचे चमचे साखर. शरीराचं तापमान मात्र ४० ते ४२ अंश सेल्सिअस ठेवावं लागतं. जानेवारीत सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत सुमारे १३ तास जातात. तेवढा वेळ दिवसभरात साठवलेल्या चरबीवर निभवायचा. थंड रात्रीत असा पक्षी स्वतःच्या वजनाचा दहावा हिस्साही गमावू शकतो. निफाडसारख्या ठिकाणी थंडीच्या लाटेत पारा ५ अंशांच्या खाली जातो, त्या पहाटे कीटकही गारठलेले असतात आणि ऊन तापेपर्यंत हालत नाहीत. आदल्या दिवशी ढगाळ हवा होती, अवकाळी पाऊस झाला किंवा पक्षी मांजराच्या तावडीतून सुटला होता, तर सकाळपर्यंत त्याच्याकडे काहीच शिल्लक राहत नाही.

शरीर थंड पडलं की पचनसंस्था जवळजवळ थांबते. अशा वेळी पोटात ढकललेलं अन्न पचत नाही. ते अन्नमार्गात पडून राहतं, वर येतं, श्वासनलिकेत जातं. म्हणून भरवण्याची घाई नको.

मदत खरंच हवी आहे का

पहाटे पिसं फुलवून, मान पंखात घालून बसलेला पक्षी बहुधा झोपलेला असतो. कोवळ्या उन्हात जमिनीवर पंख पसरून, चोच उघडी टाकून पडलेला कस्तूर किंवा सातभाई ऊन खात असतो. त्याला हात लावू नये. ऊन नीट वर येईपर्यंत अर्धा तास दुरून पाहत राहा. तेवढ्यात बरेच जण अंग झाडून निघून जातात. आखूड शेपटीचं, चोचीच्या कडा पिवळ्या असलेलं पिल्लू खाली दिसलं तर आईबाप जवळपासच असतात. शिंजीर तर हिवाळ्यातही घरटं करतो. अशा पिल्लाला मांजर-कावळ्याच्या टप्प्याबाहेर झुडपात ठेवलं की काम झालं.

ऊन वर आल्यावरही पक्षी उघड्यावर बसून आहे, तुम्ही हातभर अंतरावर गेलात तरी हलत नाही, डोळे मिटतो, एक पंख लोंबतो, मान वाकडी आहे, रक्त दिसतं, चोच उघडून शेपूट हलवत श्वास घेतो किंवा पिसं भिजून अंगाला चिकटली आहेत, यांतलं एक जरी असलं तर उचला. मांजराने तोंडात धरलेला पक्षी वरून धडधाकट दिसला तरी उचलायचाच.

एकाच जागी अनेक पक्षी मेलेले किंवा लुळे पडलेले दिसले तर मात्र हात लावू नका. बर्ड फ्लू किंवा विषबाधेची शक्यता असते. २०२१च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यात कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू सापडला होता. अशा वेळी पशुसंवर्धन विभाग आणि वन विभागाला कळवायचं आणि मुलांना, कुत्र्यांना दूर ठेवायचं.

उचलायचं कसं

मऊ सुती कापड घ्या, पंचा किंवा जुनी ओढणी चालेल. पाठीमागून हळूच अंगावर टाका आणि कापडासकट ओंजळीत घ्या. डोळ्यांपुढे अंधार आला की पक्षी शांत होतो. पाठ तुमच्या तळव्याला, मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये, बाकीची बोटं अंगाभोवती सैल. छातीवर दाब अजिबात येऊ देऊ नका. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच त्यांना श्वास घेता येतो. घट्ट मुठीत धरलेला पक्षी कुठलीही जखम नसताना गुदमरून मरतो, आणि धरणाऱ्याला वाटतं की तो घाबरून गेला.

पाय किंवा पंखाचं टोक धरून उचलू नये. हातमोजे असतील तर घाला, नसतील तर नंतर साबणाने हात धुवा. नाका-तोंडाजवळ नेऊ नका, कुरवाळू नका, कुणाला दाखवत फिरवू नका. रानपक्ष्याला माणसाचा हात म्हणजे शिकाऱ्याचा पंजा. तो हातात गप्प बसतो तो विश्वासाने नव्हे, भीतीने.

खोकं

पिंजरा नको. तारेवर धडकून पंखांची आणि शेपटीची पिसं मोडतात, आणि पिसं मोडलेल्या स्थलांतरी पक्ष्याला ती पुन्हा येईपर्यंत महिनोन्‌महिने कोंडून ठेवावं लागतं. बुटांचं पुठ्ठ्याचं खोकं सर्वांत चांगलं. पक्षी आत टाकण्याआधीच पेन्सिलीने आठ-दहा भोकं पाडा, झाकणाला नव्हे, बाजूंना आणि खालच्या बाजूला. भोकं आतून बाहेर पाडली की आत टोकं राहत नाहीत.

तळाला जुन्या सुती बनियनचा किंवा धोतराचा तुकडा अंथरा. टॉवेल नको, त्याच्या धाग्यांच्या फासात नखं अडकतात आणि सुटायच्या धडपडीत पाय मोडतो. कापूस, पेंढा, भुसाही नको. वर्तमानपत्र गुळगुळीत असल्याने पाय फाकतात, ते वापरायचंच तर कापडाखाली. कापडाचीच एक वळी करून गोल चुंबळ ठेवली की उभं राहता न येणारा पक्षी तिच्यात छाती टेकून सरळ बसतो. कुशीवर किंवा पाठीवर पडून राहिला तर त्याला श्वास घेणं जड जातं.

झाकण लावा, वर चिकटपट्टी किंवा रबर. दर पाच मिनिटांनी उघडून पाहायचा मोह आवरा. प्रत्येक वेळी प्रकाश, माणसाचं तोंड आणि धडधडणारं हृदय, असा खर्च तो करतो, आणि खर्चायला त्याच्याकडे काही उरलेलं नसतं.

खोकं कुठे ठेवता याला फार महत्त्व आहे. स्वयंपाकघरात नको: नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्यातून निघणारा वायू पक्ष्यांना काही मिनिटांत मारतो. देवघरात नको, उदबत्ती-धूप नको. मच्छरची कॉइल, लिक्विड, फवारा चालू असलेल्या खोलीत नको. टीव्हीजवळ नको, मांजर-कुत्रं येईल तिथे नको. आणि मुंग्या! आपल्या घरांत दुबळ्या पक्ष्याचा हा मोठा शत्रू. डोळे आणि जखमा मुंग्या आधी गाठतात. पाण्याच्या परातीत विटा ठेवून त्यांवर खोकं ठेवा.

ऊब देताना

अर्धा लिटरची बाटली घ्या. पाणी ४५ अंशांच्या आसपास, म्हणजे मनगटाच्या आतल्या बाजूला गरम लागेल पण सहज सोसेल इतकं. बाटली सुती मोज्यात घाला आणि खोक्याच्या एका बाजूला आत ठेवा किंवा खोक्याच्या अर्ध्याच तळाखाली सरकवा. अर्धं खोकं उबदार, अर्धं साधं. मग पक्षी स्वतःच आपली जागा निवडतो. ज्याला हलताच येत नाही त्याला उबेच्या कडेला ठेवा, चिकटवून नको. आतली हवा २८ ते ३० अंशांवर असावी. खोलीचं तापमान दाखवणारा साधा डिजिटल थर्मामीटर आत टाकला की अंदाज लावावा लागत नाही.

बाटली पाऊण ते एक तासात थंड पडते. थंड पडलेली बाटली पक्ष्याच्या अंगातली उष्णता उलट शोषून घेते, म्हणून वेळ लावून बदला. दोन बाटल्या आलटून पालटून वापरणं सोपं जातं. झाकण गळत नाही ना हे आधी पालथं करून तपासा, भिजलेला पक्षी पुन्हा थंड पडतो.

बाटली नसेल तर सुती मोज्यात कोरडे तांदूळ भरून तव्यावर किंवा मायक्रोवेव्हमध्ये कोमट करा. एलईडी बल्बने ऊब मिळत नाही, नुसता उजेड पडतो. हेअर ड्रायर, रूम हीटर, शेगडी ही साधनं टाळा. तापमान झपाट्याने वाढतं आणि कातडीकडे रक्त धावून पक्षी कोसळतो. कडक दुपारच्या उन्हात खोकं ठेवून देणं हेही तितकंच वाईट.

चोच उघडून धापा टाकणं, पंख अंगापासून दूर धरणं, बाटलीपासून लांब कोपऱ्यात जाणं ही जास्त उष्णतेची लक्षणं. लगेच बाटली काढा. सगळं ठीक असेल तर अर्ध्या ते दोन तासांत फुललेली पिसं अंगासरशी बसतात, डोळे गोल उघडतात, खोक्यात खुडबुड ऐकू येते आणि कापडावर विष्ठा दिसते. विष्ठा दिसली की पचन सुरू झालं असं समजायला हरकत नाही.

भिजलेल्या पक्ष्याला खसाखसा पुसू नका. कोरड्या कापडात गुंडाळून पाणी टिपून घ्या, कापड बदला, मग खोक्यात ऊब. शेतातल्या उघड्या पिंपात, हौदात बुडणाऱ्या पक्ष्यांची हीच गत होते. पाण्यावर तरंगती फळी किंवा काठाला टेकवलेली खडबडीत फांदी ठेवली की बहुतेक जण स्वतःच बाहेर येतात.

उबेच्या नियमाला एक अपवाद आहे. काचेवर आदळलेला पक्षी, विशेषतः ज्याची मान वाकडी आहे, जो गोल फिरतो किंवा ज्याच्या दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसतात, त्याच्या मेंदूला मार लागलेला असतो. जास्त उष्णतेने सूज वाढते. त्याला अंधारं खोकं आणि खोलीचं साधं तापमान पुरे. अंग हाताला स्पष्ट गार लागत असेल तरच सौम्य ऊब.

पाणी का पाजायचं नाही

पक्ष्याच्या उघड्या चोचीत पाहिलं तर जिभेच्या बुडाशी, मध्यभागी, एक बारीक फट उघडझाप करताना दिसते. ते श्वासनलिकेचं तोंड. चोचीत वरून सोडलेला थेंब थेट तिथे उतरतो. १० ग्रॅमच्या पक्ष्याच्या फुफ्फुसात एक थेंब गेला तरी न्यूमोनियाला पुरतो. ड्रॉपर, सिरिंज, ओला कापूस पिळणं, सगळं टाळा. शुद्धीवर आलेल्या, उभ्या राहिलेल्या पक्ष्यासमोर बाटलीच्या झाकणात अर्धा सेंटीमीटर पाणी ठेवलं की तो स्वतः पितो.

दूध, पोळी, भात, बिस्कीट, फरसाण नको. पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही. पॅरासिटामॉल किंवा घरातली कुठलीही गोळी नको. जखमेवर हळद भरू नका, डेटॉल लावू नका, तेलकट मलम तर मुळीच नको. मलमाने पिसं एकमेकांना चिकटतात आणि ऊब धरून ठेवायची त्यांची ताकद जाते. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दोन-तीन मिनिटं हलका दाब द्या. एवढंच.

फोन कुणाला

खोकं बंद झालं की फोन हातात घ्या. महाराष्ट्र वन विभागाची हेल्पलाइन १९२६. पुण्यात रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट, नागपुरात सेमिनरी हिल्सचं वन विभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर, मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचं रुग्णालय. इतर गावांत वनरक्षक, सर्पमित्र आणि स्थानिक पक्षीमित्र मंडळी एकमेकांना ओळखतात. एकाला फोन केला की योग्य माणसापर्यंत पोचता येतं. शहरातला नेहमीचा पशुवैद्य कुत्र्या-मांजरांत मुरलेला असतो, म्हणून ‘रानपक्षी पाहता का’ असं आधी विचारा.

कायदाही माहीत असावा. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार रानपक्षी ही सरकारची मालमत्ता आहे. जखमी म्हणून हाती आलेल्या पक्ष्याची माहिती ४८ तासांत वन अधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला द्यावी लागते. बरा झाल्यावर पाळायला ठेवणं हा गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

नेताना खोकं मांडीवर धरा. डिकीत नको, दुचाकीच्या हँडलला लटकवून नको. गाडीत गाणी बंद, एसीचा झोत दुसरीकडे. खोक्यावर पेनने लिहा: सापडल्याची तारीख, वेळ, नेमकी जागा, काय झालं असावं, काय दिलं. जागा लिहिणं अनेकांच्या ध्यानात येत नाही, पण पक्ष्याला परत तिथेच सोडायचं असतं.

तीन प्रकरणांत घरी वाट पाहणं धोक्याचं. मांजराच्या दातांवरचे जिवाणू पिसांखालच्या बारीक छिद्रातून रक्तात जातात. २४ तासांच्या आत प्रतिजैविक मिळालं नाही तर वरवर ठणठणीत पक्षीही दोन दिवसांत जातो. संक्रांतीच्या आसपास मांजात अडकलेल्या पक्ष्याच्या पंखातला धागा ओढू नका. दोन्ही बाजूंनी वीतभर सोडून कात्रीने कापा, पंख अंगाशी जुळवून कापडात सैल गुंडाळा आणि निघा. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो झाडांवर महिनोन्‌महिने लटकत राहतो आणि फेब्रुवारीतही पक्षी कापतो. तिसरं, उंदरांसाठी लावलेल्या चिकट पॅडवर बसलेला दयाळ किंवा वटवट्या. खेचला तर कातडी सोलून निघते. उघड्या गोंदावर टिश्यू पेपरचे तुकडे किंवा मैदा टाकून तो झाका, म्हणजे आणखी पिसं चिकटणार नाहीत, आणि पॅडसकट घेऊन जा.

रात्र घरीच काढायची वेळ आली तर

दुर्गम गाव, रविवारची संध्याकाळ, फोन लागत नाही. असं झालं तर तुम्हाला निभवावं लागेल, पण फक्त सकाळपर्यंत. संध्याकाळी सापडलेल्या पक्ष्याला रात्री खाऊ घालू नका. ऊब तेवढी चालू ठेवा, एक बाटली झोपण्यापूर्वी आणि एक मध्यरात्रीनंतर, पण थंड पडलेली बाटली आत राहू देऊ नका. दिवसा, अंग उबदार होऊन विष्ठा दिसल्यावरच खाणं.

आधी चोच पाहा. बारीक, सरळ, सुईसारखी असेल तर कीटक खाणारा. जाड, तिकोनी असेल तर दाणे टिपणारा: मुनिया, भारीट. त्यांना राळा किंवा बाजरी तळाशी पसरून ठेवा. लांब, वाकडी, बारीक चोच शिंजिराची. त्याला काही तासांपुरतं एक चमचा साखर चार चमचे पाण्यात विरघळवून झाकणात द्या. मध नको, त्यातून बुरशीचा संसर्ग होतो.

कीटकभक्ष्यांसाठी मत्स्यालयाच्या किंवा पाळीव पक्ष्यांच्या दुकानात जिवंत मीलवर्म मिळतात. नुकतीच कात टाकलेल्या पांढऱ्या अळ्या वेचून द्या, त्यांचं कवच मऊ असतं आणि दुबळ्या पोटाला सोसतं. माशीमाराएवढ्या पक्ष्याला दर तासाला ३-४ अळ्या, झाकणात ठेवून. वळवळ दिसली की तो टिपतो. मीलवर्म नसतील तर सडक्या लाकडातली वाळवी किंवा गवतातले लहान नाकतोडे. अगदीच काही नसेल तर उकडलेल्या अंड्याचे तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे. कस्तूर किंवा नवरंग असेल तर धुतलेली गांडुळं दोन-तीन सेंटीमीटरचे तुकडे करून. घरातलं झुरळ देऊ नका, त्याने कुठलं औषध खाल्लं असेल सांगता येत नाही. लाल मुंग्याही नकोत. चोच उघडून कोंबायचं नाही; खात नसेल तर ते लक्षणच आहे, आणि ते निस्तरणं प्रशिक्षित माणसाचं काम.

पक्षी दुर्मीळ वाटला तर

ओळख पटवण्यात वेळ घालवू नका. खोक्यात ठेवण्याआधी किंवा डॉक्टरकडे बाहेर काढताना, फ्लॅश बंद करून, दहा सेकंदांत चार फोटो: बाजूने, छाती, पसरलेली शेपूट, चोच. नंतर जाणकारांना पाठवता येतात.

या चार फोटोंनी काय साधतं त्याचं एक उदाहरण. हिवाळ्यात आपल्याकडे लाल छातीचा माशीमार नित्याचा. त्याच्याच जवळचा काश्मिरी माशीमार काश्मीर खोऱ्यात आणि आसपासच्या डोंगरांत वीण करतो आणि हिवाळ्यात थेट नीलगिरी आणि श्रीलंकेच्या डोंगरांत उतरतो. धोक्यात असलेल्या प्रजातींच्या जागतिक यादीत तो ‘असुरक्षित’ गटात आहे. नराचा गळा आणि छाती गडद तांबडी, आणि त्या तांबड्याला मानेच्या बाजूने छातीपर्यंत काळी किनार. हातातल्या पक्ष्याला ही काळी किनार दिसली तर तो फोटो मोलाचा आहे. कुठल्या तारखेला, कुठे तो उतरला याची नोंद स्थलांतराचा मार्ग समजायला कामी येते. माद्या एकमेकींसारख्याच दिसतात, म्हणून खालच्या चोचीच्या बुडाचा रंगही फोटोत येऊ द्या.

पायात धातूचं कडं असेल तर काढू नका. त्यावरचा क्रमांक आणि अक्षरं फोटोत वाचता येतील अशी टिपा आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला, म्हणजे बीएनएचएसला कळवा. ही संस्था भारतात १९२७ पासून पक्ष्यांना कडी घालत आली आहे. कडं परदेशी असलं तरी पुढचा पत्रव्यवहार तिथून होऊ शकतो.

आणि जागा जाहीर करू नका. व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘अमुक मंदिरामागे दुर्मीळ पक्षी सापडला’ असं टाकलं की दुसऱ्या दिवशी कॅमेरे येतात, आवाजाची रेकॉर्डिंग वाजवली जातात आणि कधी फासेवालेही येतात. फोटो टाकायचाच तर पक्षी सोडून झाल्यावर, आणि गावाच्या नावापलीकडे तपशील न देता.

सोडताना

फक्त काचेवर आदळलेला, एक-दोन तासांत पूर्ण सावध झालेला पक्षीच घरून सोडावा. बाकीच्यांचा निर्णय उपचार करणाऱ्यांचा. आधी उडण्याची चाचणी घ्या: लहान खोली, खिडक्यांवर पडदे, आरसा झाकलेला आणि छताचा पंखा बंद. पंख्याची कळ बंद आहे हे दोनदा पाहा. पक्षी खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उंची न गमावता, दोन्ही पंख सारखे मारत गेला पाहिजे आणि नेमका बसला पाहिजे. जमिनीकडे घसरत गेला किंवा भिंतीवर आदळला तर तयार नाही. स्थलांतरी पक्ष्याच्या बाबतीत ही कसोटी आणखी कडक हवी. ‘थोडंसं उडतो’ म्हणून सोडलेला वटवट्या संध्याकाळपर्यंत कावळ्याच्या पोटात असतो.

वेळ सकाळी आठ ते दहा. तोवर ऊन आलेलं असतं, कीटक हलू लागतात आणि रात्रीपूर्वी पोट भरायला पूर्ण दिवस मिळतो. दुपारी चारनंतर सावध झालेल्या पक्ष्याला सकाळपर्यंत ठेवा. ढगाळ, वाऱ्याच्या दिवशी सोडू नका. सापडलेल्या जागेजवळच, पण त्या काचेपासून दूर, दाट झुडूप किंवा झाड दहा मीटरच्या आत असेल तिथे. मांजर, कावळे नाहीत हे आधी पाहा. हवेत उडवायचं नाही. खोकं झुडपाच्या कडेला ठेवा, झाकण काढा, पाच-सहा मीटर मागे सरका. काही जण क्षणात जातात, काही दहा मिनिटं काठावर बसून इकडेतिकडे पाहतात. पंधरा मिनिटांत गेला नाही तर झाकण लावा आणि परत फोन करा.

ज्या काचेवर तो आदळला तिच्या बाहेरच्या बाजूने पांढऱ्या ऑइल पेंटचे किंवा स्टिकरचे ठिपके द्या, दोन ठिपक्यांत ५ सेंटीमीटरपेक्षा जास्त अंतर नको. एकच मोठं घारीचं चित्र चिकटवून उपयोग होत नाही. पक्षी त्याला टाळून शेजारच्या मोकळ्या काचेवर आदळतो. बागेतला पालापाचोळा जानेवारीत जाळू नका. कस्तूर आणि नवरंग तो चाळूनच पोट भरतात, आणि माशीमाराला लागणारे कीटकही त्यातूनच वर येतात.

गेलाच तर

काही जण सगळं बरोबर करूनही जातात. पक्षी वजनाला हलका, छातीचं हाड पातीसारखं टोचतं, म्हणजे उपासमार बरेच दिवसांची होती. साधा पक्षी असेल तर खोल खड्ड्यात पुरा, अंथरलेलं कापड जाळा, हात साबणाने धुवा. दुर्मीळ वाटला किंवा पायात कडं असलं तर पुरू नका. कागदात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घाला, आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी ठेवा: तारीख, गाव, सापडल्याची जागा. पेनाची शाई ओलसर पिशवीत पसरते. फ्रीझरमध्ये अन्नापासून वेगळ्या डब्यात ठेवा आणि १९२६ वर कळवा. मेलेला पक्षीही वन विभागाच्या परवानगीशिवाय ठेवता येत नाही. ती परवानगी घेऊन तो संशोधन संस्थेकडे पोचला तर वय, मोजमाप, पिसं आणि मरणाचं कारण यांची नोंद होते.